बोल्टाला तेल लावावे काय?

इंजिन खोलताना फारसा विचार करावा लागत नाही. जो भाग वर असेल तो आधी निघतो, त्याखालचा मागून निघतो, आणि संध्याकाळपर्यंत सारे इंजिन परातीत व डब्यांत विभागून पडलेले असते. खरी कसोटी लागते ती जोडताना. ब्लॉक घासूनपुसून स्वच्छ झाला आहे, नवे गॅस्केट त्यावर नीट बसले आहे, हेड अलगद वर ठेवले आहे, आणि मिस्त्रीच्या हातात पहिला बोल्ट आहे. हा बोल्ट असाच कोरडा घालावा, की तेलाचे बोट लावून घालावा?

चार मिस्त्र्यांना विचारले तर पाच उत्तरे मिळतात. एक म्हणतो, तेलाशिवाय बोल्ट घालूच नये, आटे खाल्ले जातात. दुसरा म्हणतो, तेल लावले की बोल्ट चार दिवसांत सैल पडतो. तिसरा डब्यातल्या रॉकेलात किंवा डिझेलात धुतलेला बोल्ट तसाच, ओला ना कोरडा, उचलून घालतो आणि हा वाद त्याला ठाऊकच नसतो. हाताखालचे पोर विचारते, ‘‘उस्ताद, किती आवळू?’’ आणि उस्ताद सांगतात, ‘‘आवळ, हाताला कळेल.’’ अनुभवी हाताला पुष्कळ काही कळते हे मी नाकारीत नाही. परंतु या एका बाबतीत हाताला जे कळते ते अगदी निराळेच असते, आणि इंजिन टिकणार की नाही हे बऱ्याच अंशी त्या फरकावर अवलंबून असते.

बोल्ट म्हणजे काय, येथून आरंभ करू. आपण समजतो की बोल्ट हा खिळ्याचाच सुधारलेला भाऊ. दोन वस्तूंच्या आरपार जाऊन त्यांना अडवून धरणारा. वस्तुतः बोल्ट ही एक स्प्रिंग आहे. ती इतकी ताठ असते की तिचे ताणले जाणे डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. ताणलेली स्प्रिंग मूळ लांबीवर येऊ पाहते आणि त्या ओढीत मधल्या वस्तू एकमेकींवर दाबल्या जातात. जितकी ताणावी तितकी ओढ, हा नियम इंग्लंडमधील रॉबर्ट हुक याने आधी १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ साली त्याची उकल प्रसिद्ध केली. आपला शोध कोणी चोरू नये आणि श्रेयही जाऊ नये, यासाठी त्या काळचे विद्वान असे खेळ करीत.

हा ताण किती असतो? दहा मिलिमीटर जाडीचा पोलादी बोल्ट घ्या. तो नीट आवळला असता सुमारे तीन टनांच्या ओढीने ताणलेला असतो. त्याची पकडीतली लांबी शंभर मिलिमीटर धरली, तर या ओढीने तो पाव मिलिमीटर वाढतो, म्हणजे साध्या लिहिण्याच्या कागदाचे अडीच-तीन ताव एकावर एक ठेवावेत इतका. हेड, गॅस्केट आणि ब्लॉक यांचा सारा संसार या पाव मिलिमीटरावर चाललेला असतो.

कशासाठी लागते एवढी ओढ? आपल्या परिचयाचे एक इंजिन पाहू. मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणाऱ्या आणि पुढे ‘पद्मिनी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फियाट गाडीचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरांचे होते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने त्याने या शहराची दोन-तीन पिढ्या सेवा केली. २०२३ च्या ऑक्टोबरात ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. या इंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस सेंटिमीटर. पेट्रोलच्या वाफा पेटल्यावर आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला चाळीस-पंचेचाळीस किलोपर्यंत चढू शकतो. गुणाकार केला तर हेडाला आतून बसणारा धक्का दीड टनाच्या घरात जातो. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर असा धक्का प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला तेहतीस वेळा बसतो. हा धक्का बसत असतानाही हेड ब्लॉकवरून तसूभर उचलले जाता कामा नये. ते उचलले गेले की तप्त वायू गॅस्केटाच्या कडेने वाट काढतात, गॅस्केट जळते, पाणी तेलात आणि तेल पाण्यात उतरते. तेलाच्या काडीवर दुधाळ फेस दिसू लागला की जाणत्या ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो, तो याचमुळे. गाडी भाड्याने चालवणाऱ्याला त्याचा अर्थ आठवड्याची मिळकत गेली असा असतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती प्रथमदर्शनी उलटी वाटते. बोल्ट पुरेसा ताणलेला असेल तर हे धक्के त्याला फारसे जाणवत नाहीत. हेड आणि ब्लॉक आधीच एकमेकांवर दाबलेले असल्याने धक्क्याचा मोठा भाग तो दाब कमी करण्यातच खर्च होतो. बोल्टाच्या वाट्याला थोडाच येतो. बोल्ट सैल असेल तर मात्र प्रत्येक धक्का थेट त्याच्यावर येतो, आणि तार वारंवार वाकवून तोडावी तसा तो काही लक्ष धक्क्यांनंतर तुटतो. तुटलेला बोल्ट पाहून ‘फार आवळला होता’ असा निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे रीत आहे. पुष्कळदा तो कमी आवळलेला असतो.

तेव्हा आपल्याला हवा आहे तो ताण. पण पान्याने आपण ताण देत नाही, पीळ देतो. या पिळालाच टॉर्क म्हणतात आणि तो मोजणारा काटेरी किंवा ‘टक्’ असा आवाज देणारा पाना आता लहानसहान कारखान्यांतही दिसतो. पीळ आणि ताण यांच्या मध्ये घर्षण उभे आहे, आणि हा मधला मनुष्य मोठा खाबू आहे. वर घेतलेल्या दहा मिलिमीटरच्या बोल्टावर आपण ६० न्यूटन-मीटर पीळ खर्च केला असे समजा. बोल्ट कोरडा असेल तर यांतले सुमारे २९ बोल्टाच्या डोक्याखाली, जेथे ते वायसरावर घासत फिरते तेथे, संपतात. सुमारे २४ आट्यांच्या घर्षणात जातात. बोल्ट प्रत्यक्ष ताणण्यासाठी उरतात अवघे सात! गावात पोहोचेपर्यंत सरकारी अनुदानाचे काय होते असे म्हणतात, त्याची आठवण व्हावी.

आता तेल लावले. घर्षण काही नाहीसे होत नाही, थोडे उतरते. परंतु या ‘थोड्या’ची करामत पाहा. घर्षणाने आपल्या त्रेपन्नांतून जेमतेम अडीच सोडले, की ताणाच्या पदरात सातांचे साडेनऊ पडतात. खर्च करणाऱ्याची किरकोळ काटकसर ही वारसाची चैन ठरते. पान्यावरचा आकडा तोच, साठ. मात्र बोल्टातली ओढ तीन टनांवरून चार टनांवर गेली.

ही वाढ बोल्टाला झेपते काय? बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचा पहिला अंक सांगतो की पोलाद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ओढीपर्यंत तुटत नाही. दुसरा सांगतो की त्याच्या आठ-दशांश ओढीपर्यंतच ते स्प्रिंगसारखे वागते, पुढे कायमचे लांबते. दहा मिलिमीटरच्या बोल्टाचे आट्यांतले क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर धरतात. म्हणजे ३७ किलोन्यूटनांवर त्याची स्थितिस्थापकता संपते आणि ४६ वर तो तुटतो. कोरड्या बोल्टावरच्या ६० न्यूटन-मीटरांनी ३० किलोन्यूटन ओढ आली होती, ठीक आहे. तेल लावून तेवढ्याच पिळाने ती ४० च्या घरात गेली, म्हणजे बोल्ट आपली मर्यादा ओलांडून बसला. आणि मॉलिब्डेनमचे काळे वंगण लावून तोच पीळ दिला, तर हिशेबाने ५० निघतात. अर्थात बोल्ट त्याआधीच हातात येईल. मनगटाला मात्र तिन्ही वेळा सारखेच वाटले. उस्तादांच्या हाताला जे ‘कळते’ ते हेच, पिळाचे.

हे वाचून कोणी म्हणेल, मग कोरडाच घालावा, भानगड नको. तोही मार्ग धोक्याचा आहे. कोरडे घर्षण लहरी असते. एका बोल्टाच्या आट्यांत गंजाचा कण, दुसऱ्यावर जुन्या तेलाची पुटी, तिसरा नवा कोरा, असे दहा बोल्ट एकाच हेडात एकाच आकड्यावर आवळले, तर दहांची ओढ दहा प्रकारची होते. टॉर्कच्या पान्याने केलेल्या कामात प्रत्यक्ष ताण पंचवीस-तीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, असे या विषयातले लोक नेहमीच धरून चालतात. पृष्ठभाग अस्वच्छ असले तर विचारूच नका. हेडाचा एक कोपरा घट्ट आणि दुसरा ढिला असला की ते वाकते, आणि गॅस्केट ढिल्या बाजूने जाते. कोरडे आटे आणखी एक खोडी करतात. कितीही गुळगुळीत दिसला तरी धातूचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ असतो आणि दोन पृष्ठभाग शिखरांशिखरांवरच टेकतात. केंब्रिजचे बाउडन आणि टेबर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या टेकण्याचा विस्ताराने विचार केला आहे. एवढ्याशा टेकूवर टनांचे ओझे आले की शिखरे एकमेकांना चिकटतात आणि फिरवताना उपटली जातात. आटे ‘खाल्ले जाणे’ म्हणतात ते हेच. असा बोल्ट प्रत्येक खोलण्या-जोडण्यात अधिक खरखरीत होतो आणि त्याच पिळात कमी कमी ताणला जातो.

म्हणून वंगणाचा खरा गुण निसरडेपणा हा नसून एकसारखेपणा हा आहे. स्वच्छ आटे आणि त्यांवर पातळ थर, एवढे केले की दहाही बोल्ट जवळपास एकाच रीतीने वागतात. कारखानदार जेव्हा हेडाचे, क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांचे किंवा कनेक्टिंग रॉडचे बोल्ट तेल लावून आवळायला सांगतो, तेव्हा त्याला हेच साधायचे असते, आणि त्याने दिलेला आकडाही तेल धरूनच काढलेला असतो. तेव्हा पहिला नियम हा, की आकडा आणि वंगण यांची जोडी फोडू नये. पुस्तकात ‘तेल लावून’ असे लिहिले असेल तर तेल लावून; काही लिहिले नसेल तर बोल्ट स्वच्छ पुसून, जसा कारखान्यातून येतो तसा. कोरड्याचा आकडा घेऊन तेल लावणे जितके चूक, तितकेच तेलाचा आकडा घेऊन कोरडे आवळणेही चूक. पहिल्याने बोल्ट ताणून मरतो, दुसऱ्याने गॅस्केट. नाइलाजाने कोरड्याच्या आकड्यावर तेलाचा बोल्ट आवळावा लागला तर पीळ सुमारे चौथाईने उतरवतात, पण हा अंदाज आहे. पुस्तकाची सर त्याला नाही. आणि आकडा कोणत्या मापात आहे तेही पाहावे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत फूट-पौंड, जुन्या युरोपीय पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर, नव्यांत न्यूटन-मीटर. साठ न्यूटन-मीटर म्हणजे चव्वेचाळीस फूट-पौंड. पान्यावर दोन्ही मापे छापलेली असतात आणि घाईत भलत्याच ओळीवर बोट पडते.

तेल कोठे लावायचे? बहुतेक जण आट्यांना लावतात आणि थांबतात. वरचा हिशेब आठवावा: सर्वांत मोठा वाटा डोक्याखालच्या घर्षणाचा आहे. आटे तेलात आणि डोक्याखालचा भाग कोरडा, असा बोल्ट अर्धवटच वंगणलेला असतो. डोक्याच्या खालच्या कडेला, किंवा वायसर असेल तर त्याच्या वरच्या अंगाला, बोटाने तेल फिरवणे हे दोन सेकंदांचे काम आहे. कोणते तेल? निराळी सूचना नसेल तर इंजिनातलेच स्वच्छ तेल. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे कण पत्त्यांच्या कॅटासारखे थराथरांचे असतात आणि थर एकमेकांवरून सहज सरकतात. म्हणून ते वंगण शर्यतीच्या इंजिनांत, त्याच्यासाठी निराळा आकडा काढून, वापरतात. ‘तेलापेक्षा भारी’ म्हणून ते हौसेने लावू नये.

तेल लावल्याने बोल्ट सैल होतो, ही दुसऱ्या मिस्त्रीची तक्रार अजून उरली आहे. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला घाट. आपल्या दहा मिलिमीटरच्या बोल्टावर हा घाट एका फेऱ्यात दीड मिलिमीटर चढतो, म्हणजे एकोणीस पावले चालल्यावर एक पाऊल चढ. कोनाच्या भाषेत जेमतेम तीन अंश. तेल लावलेले पोलाद पोलादावरून आपोआप घसरायला सहा अंशांचा तरी उतार लागतो. त्यामुळे तेलातला बोल्टही उभ्या ओढीने आपण होऊन उलटा फिरत नाही. मग बोल्ट सुटतात ते का? जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली हे प्रयोगांनी दाखवले, की आवळलेले भाग आडव्या दिशेने सूक्ष्मपणे सरकू लागले की आट्यांची पकड क्षणभर सुटते आणि प्रत्येक सरकण्याबरोबर बोल्ट किंचित उलटा फिरतो. भाग सरकू नयेत यासाठी लागतो पुरेसा दाब, आणि दाब येतो ताणातून. म्हणजे योग्य आकड्यावर तेल लावून आवळलेला बोल्ट कोरड्यापेक्षा सुटण्याचा संभव कमीच. दुसऱ्या मिस्त्रीने पाहिलेले सुटलेले बोल्ट खोटे नव्हते. त्यांचे खापर त्याने तेलावर फोडले एवढेच.

तेल किती, हा प्रश्न मात्र गंभीर आहे. ब्लॉकमधली पुष्कळ भोके आंधळी असतात, म्हणजे खाली बंद. अशा भोकात तेल, पाणी किंवा धुण्याचे डिझेल साठलेले असेल आणि वरून बोल्ट उतरू लागला, तर द्रवाला पळायला वाट राहत नाही. द्रव दबत नाही, दाबतो. बोल्टाचा दट्ट्या होतो, आणि दोन टनांच्या जोराने तो खाली रेटला गेला तर दर चौरस सेंटिमीटरला अडीच टनांचा दाब त्या चिमुकल्या भोकात तयार होतो. ओतीव लोखंड दाब सोसण्यात मोठे शूर, पण ताणात लेचेपेचे. ब्लॉकच्या पोटात भेग जाते. भेग गेली नाही तरी फसवणूक होतेच: पाना ‘टक्’ म्हणतो, मिस्त्री पुढच्या बोल्टाकडे वळतो, आणि प्रत्यक्षात बोल्ट हेडावर बसलेलाच नसतो, तेलावर तरंगत असतो. पुढे तेल आट्यांतून हळूहळू निसटते आणि बोल्ट आपोआप ढिला पडतो. म्हणून तेल बोल्टाला लावावे, भोकात ओतू नये. बोल्ट बुडवला असेल तर टांगून निथळू द्यावा. भोके आधी फडक्याच्या काडीने टिपून, डोळ्यांना चष्मा लावून हवेच्या झोताने कोरडी करावीत. आटे साफ करण्यासाठी कापणारा टॅप घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो गंजाबरोबर धातूही कातरतो. त्याऐवजी नुसता मळ काढणारे साधन मिळते ते वापरावे.

काही बोल्टांना तेलाचा विटाळच पाळावा लागतो. अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीच्या १९५५ सालापासूनच्या प्रसिद्ध आठ सिलिंडरी इंजिनात हेडाचे बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उतरतात. तेथे आट्यांना पाणीरोधक लुकण लावावे लागते. वंगणाचे कामही तेच करते. फ्लायव्हीलच्या बोल्टांना बहुधा आटे चिकटवणारे द्रव्य लावायला सांगतात. अमेरिकेतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली शोधलेले हे द्रव्य मोठे गमतीदार आहे: हवेत असेपर्यंत पातळ राहते आणि आट्यांत, हवा तुटून धातूचा स्पर्श झाला, की घट्ट होते. आटे तेलकट असतील तर त्याची पकड बसत नाही. चाकांचे नट इंजिनाचे नव्हेत, पण विषय निघाला की त्यांच्याबद्दल कोणी ना कोणी विचारतेच. तेथे गाडीच्या पुस्तकात सांगितले नसेल तर तेल-ग्रीस लावू नये. एक्झॉस्टच्या तप्त नटांना तांब्याच्या किंवा निकेलच्या भुकटीचे उष्णतारोधक वंगण लावतात, ते पुढे खोलता यावेत म्हणून. आणि स्पार्क प्लग? बहुतेक नव्या प्लगांच्या आट्यांवर मुलामा असतो आणि त्यांचे कारखानदार तेथे काहीही लावू नका असेच सांगतात. ॲल्युमिनियमच्या हेडात प्लग जास्त आवळला गेला तर आटे प्लगाचे जात नाहीत, हेडाचे जातात.

सर्वांत जपून आवळायचे ते कनेक्टिंग रॉडचे बोल्ट. आकाराने हे लहान, पण यांच्यावर पडणारे ओझे पाहिले म्हणजे छाती दडपते. त्याच फियाटच्या इंजिनात पिस्टन ७५ मिलिमीटर वर-खाली करतो. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर तो वरच्या टोकाला पोहोचून माघारी वळतो, तेव्हा त्याचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या हजारपटीहून अधिक असते. अर्ध्या किलोचा पिस्टन त्या क्षणी अर्ध्या टनाहून जड होतो आणि त्याला खाली खेचून आणण्याची जबाबदारी अखेरीस दोन बोल्टांवर येते. वेग दुप्पट झाला की हे ओझे चौपट होते. यांतला एक बोल्ट तुटला, की रॉड मोकळा होऊन ब्लॉकची बाजू फोडून बाहेर येतो. त्यानंतर दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. भंगाराचा भाव विचारावा लागतो. म्हणून जेथे उत्तम काम करायचे असते तेथे या बोल्टांच्या बाबतीत पिळावर विश्वासतच नाहीत. दोन्ही टोके मोकळी असल्यामुळे बोल्टाची लांबी मायक्रोमीटरने आवळण्यापूर्वी आणि आवळल्यावर मोजता येते, आणि तो ठरावीक प्रमाणात लांबेपर्यंत आवळतात. मधल्या मनुष्याला वगळून थेट हुकच्या नियमाकडेच दाद मागितली जाते. तेल येथेही लागते, कारण पीळ थोडका लागावा आणि आटे शाबूत राहावेत.

आजच्या गाड्यांत हेडाच्या बोल्टांसाठी याच विचाराची दुसरी रीत रूढ आहे. प्रथम बोल्ट बेताच्या पिळाने बसवतात आणि पुढे पीळ न मोजता कोन मोजतात: पाव फेरा, मग पुन्हा पाव फेरा. एका पाव फेऱ्यात बोल्ट आट्यांच्या मापाने ठरावीकच खाली सरकणार, मग घर्षण कमी असो वा जास्त. येथे तेलाचे महत्त्व कमी झाले असे वाटेल, पण सुरुवातीचा पीळ घर्षणातूनच जातो. शिवाय कोरडा बोल्ट फिरताना कुरकुरतो, अडत-उसळत पुढे जातो आणि ताणाबरोबर स्वतःच पिळवटला जातो. या रीतीतले पुष्कळ बोल्ट मुद्दाम स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे नेलेले असतात आणि ते एकदाच वापरायचे असतात. आपल्याकडे मात्र ‘बोल्ट तर चांगला दिसतो’ म्हणून तोच पुन्हा घालतात. नव्यापेक्षा लांब झालेला, मध्ये कंबर बारीक झालेला बोल्ट पुन्हा ताणायला गेले तर तो एकतर तुटतो, नाहीतर पुरेशी ओढ देत नाही. बोल्टांच्या एका संचाला जो खर्च येतो, त्यापेक्षा कितीतरी अधिक हेड दुसऱ्यांदा उतरवण्याच्या मजुरीत जातो. ही काटकसर मला कधीच समजलेली नाही.

राहता राहिला क्रम. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, पुस्तकात दिलेल्या ओळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत, म्हणजे हेड चादर झटकून अंथरावी तसे सपाट बसते. शेवटचा टप्पा एकाच संथ ओढीत पुरा करावा. मध्ये थांबलात तर स्थिर घर्षण आडवे येते, आणि बोल्ट हलण्यापूर्वीच पाना ‘टक्’ करून मोकळा होतो. जुन्या धाटणीच्या इंजिनांत गॅस्केट दाबून बसल्यावर, म्हणजे काही शे किलोमीटर गाडी चालल्यावर, हेड पुन्हा एकदा आवळायला सांगितलेले असते. नव्या गॅस्केटांना बहुधा ते लागत नाही. असे आवळताना इंजिन थंड हवे की गरम ते पुस्तकात असते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून अशा हेडांसाठी बहुधा थंड इंजिनच सांगतात. एकेक बोल्ट आधी थोडा सैल करावा, मग पुन्हा आकड्यावर आणावा. सगळे एकदम सैल करू नयेत.